२३२७९२५६० वर एक

तंजावर, २८ जून १९९३

चि. रघोजीस सुंदरीअक्काचे आशीर्वाद. इथे सगळे बरे, म्हणायचं म्हणून.

माझ्या नातीचा, कनकलतेचा, घात मीच केला. तुमच्या मद्रासच्या गणिताच्या संस्थेनं प्रवेशासाठी टपालानं प्रश्न धाडला होता: एकापासून विसापर्यंत प्रत्येक आकड्यानं निःशेष भाग जाईल अशी सगळ्यात लहान संख्या कोणती? पोरीला कांजिण्या. तिच्या हातचा कागद घराबाहेर जायचा नाही. कडुलिंबाच्या डहाळ्यांआडून तिनं सांगितलं, मी लिहिलं: २३२७९२५६०. शेवटी शून्य! आहेर आपण शंभराचा करत नाही, एकशे एकाचा करतो. शुभकामाला शून्यावर संपलेलं कसं पाठवू? शून्य खोडून एक केला.

काल ती उठली, हे ऐकलं आणि भिंतीकडे तोंड करून पुन्हा निजली. जेवत नाही. तिच्या बापाला, चिदंबराला, आनंदच झाला. पापनाशमचं स्थळ पक्कं करायला निघालाय. माझाच मुलगा, पण डोकं म्हणजे नारळ. हलवलं की नुसतं पाणी वाजतं.

तू संस्थेत जा. पाय धर. म्हातारीला अक्कल नाही म्हणून सांग, खोटं होणार नाही. लोभ आटू देऊ नकोस.

मद्रास, ६ जुलै १९९३

ती. अक्कास रघोजीचा साष्टांग नमस्कार.

पहिल्या दिवशी शिपायानंच हाकललं. दुसऱ्या दिवशी प्राध्यापक कृष्णस्वामी भेटले. उत्तर चूक, यादी लागली, म्हणाले. मी तुझा आहेर सांगितला. आधी हसले, मग खडू घेतला. अक्का, जी संख्या सगळ्यांना सारखी वाटून जात होती, तिला आता दोनापासून विसापर्यंत कुणीही भागा, एक उरतोच! पुढचे आकडेही त्यांनी यंत्रावर लावले; ती कुणाकडूनच फुटत नाही. पण त्यानं यादी बदलत नाही, असंही म्हणाले. एक जागा रिकामी आहे. येत्या सोमवारी, बारा तारखेला, सकाळी पोरीनं स्वतः येऊन फळ्यावर सगळं मांडायचं. आली नाही तर संपलं. चिदंबराला तूच समजाव, माझं तो ऐकत नाही. धाकट्यावर माया असावी.

तंजावर, ११ जुलै १९९३

चि. रघोजीस आशीर्वाद.

समजावू कुणाला? सोमवारीच पापनाशमची माणसं लग्न ठरवायला येताहेत. उंबरा ओलांडलास तर मला मुलगी नव्हतीच असं समजेन, असं चिदंबरानं तिला तोंडावर सांगितलंय. तो केळीची पानं आणायला बाजारात गेला तेवढ्यात मी तिला मागच्या दारानं काढलं आणि बसमध्ये बसवलं. हे पत्र तिच्याच हाती देते.

अंगावरच्या खपल्या अजून पडल्या नाहीत, पोटात धड अन्न नाही. फळ्यापुढे डगमगेल, चुकेलसुद्धा. चुकली तरी लगेच परतीच्या गाडीत बसवू नकोस. इकडे तिला दार उरलेलं नाही. उद्या मला उरतं का, ते बघू.

लोभ आता माझ्यावर नको, तिच्यावर असू दे.

सुंदरी