अर्ध्या पेल्याचा ठराव

रोसगरेग,
१५ सप्टेंबर १९७५

प्रिय लोवरी हिस,
अनेक आशीर्वाद.

स्लेटच्या फरशीवर खिळ्यांचे बूट वाजत जातात, तो आवाज आठवतो का गं तुला? आपल्या चॅपलच्या मधल्या वाटेवरून, पुढच्या बाकापासून दारापर्यंत, सतरा पावलं. मग दाराची कडी. मग काही नाही. एक्केचाळीस वर्षं तो आवाज मला अधूनमधून स्वप्नात यायचा. हल्ली भर दुपारी चहा ओतताना येतो.

कारण सांगतो. एलेरीच्या लग्नाला तू गुडघ्यांमुळे आली नाहीस, ते एका परीनं बरंच झालं. नातीचं सासर इटालियन, कॅथलिक, कार्डिफात त्यांचं कॉफीचं दुकान. माणसं सोन्यासारखी. जेवण झाल्यावर व्याही अर्नेस्तो स्वतः उठून माझ्यापाशी आला आणि दोन्ही हातांनी पेला पुढे केला. म्हणाला की आजोबा, ही वाइन माझ्या बापाच्या गावची, पोरांच्या सुखासाठी एवढा घोट घ्याच. त्याचे डोळे भरलेले. जन्मभर दारूला शिवलो नव्हतो. नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि हात पुढे करून पेला घेतला.

आणि मग लोवरी, मी जे केलं ते आपल्यातलाच माणूस करू जाणे. हातात द्राक्षारस आला की जन्मभराची सवय काय? प्रभुभोजनाची! मी मान खाली घातली, डोळे मिटले आणि सगळ्यांच्या हाती पेले पोचेपर्यंत थांबलो. त्या बिचाऱ्यांना वाटलं, ही वेल्श रीत असावी. शंभर माणसं पेला धरून माना खाली घालून उभी. शेवटी कुणाच्या तरी लेकरानं मोठ्यानं विचारलं की कोण मेलं. मी डोळे उघडले, आणि प्यायलो. सगळा पेला.

काना गावचं लग्न मी शाळेत आणि चॅपलात मिळून शंभरदा शिकवलं असेल. प्रभूनं पाण्याचा केला तो द्राक्षारस आपल्यासारखाच न आंबवलेला होता, असं ठासून सांगत आलो. त्या पेल्यानंतर मला पहिल्यांदा शंका आली की नुसत्या मनुकांच्या पाण्यावर तिथला भोजनकारभारी इतका खूश झाला नसावा.

कुणीतरी फोटो काढला. एलेरीच्या आईनं कौतुकानं आपल्या साप्ताहिकात पाठवला. आता अख्ख्या खोऱ्यानं पाहिलाय: चॅपलचे ज्येष्ठ वडील, रविवारी गुत्ते बंदच राहावेत म्हणणाऱ्या समितीचे अध्यक्ष, निवृत्त हेडमास्तर, डोळे मिटून, हातात लाल पेला. गुत्तेवाल्या विलनं तो कापून भिंतीवर लावलाय आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो की नोव्हेंबरच्या मतदानात मास्तरांचं मत आता आपल्याला नक्की.

पण ती लाज वरवरची आहे. खालची वेगळीच आहे आणि ती तुला ठाऊक आहे. मला आपल्या धाकट्या इद्वलचा पत्ता पाठव. तुझ्याकडे आहे, हे मला कायम माहीत होतं. मी अठ्ठ्याहत्तरचा झालो. त्याच्याशी बोलल्याशिवाय मला मरायचं नाही.

लोभ आहे असं धरून चालतो. नसेल तर तेही कळव.

तुझा,
एम्लिन


लिव्हरपूल,
१९ सप्टेंबर

ती. दादास,
स. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी मी इतकी हसले की शेजारीण भिंत ठोकू लागली. शंभर इटालियनांना तू प्रभुभोजनाला उभं केलंस, रोमलाही न विचारता! मग शेवटचा परिच्छेद वाचला आणि हसू तिथेच राहिलं.

पत्ता खाली देते आहे. श्रूजबरीजवळ राहतो. रेल्वेत सिग्नलमन होता, आता निवृत्त. बायको चार वर्षांपूर्वी गेली. गावातल्या इंग्लिश चर्चमध्ये रविवारी घंटा वाजवतो आणि शनिवारी एक पेला बिअर घेतो. एकच. पेल्याआधी मान खाली घालून देवाचे आभार मानतो, म्हणून गुत्त्यातले त्याला बिशप म्हणतात. मी एकदा रागावले तर म्हणाला की ताई, ज्याबद्दल देवाचे आभार मानता येत नाहीत ते मी पीत नाही, आणि ज्याबद्दल येतात ते कुणापासून लपवत नाही. बायबलात पौलानंसुद्धा तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणून लिहिलंय, हे मला त्यानंच दाखवलं. मी अजून घेत नाही. चुलतमामा ओवेननं पिऊन घराचं काय केलं ते मी पाहिलंय. मला तो वास सोसत नाही. पण इद्वलला आता काही म्हणत नाही.

दादा, एक तुला कधी बोलले नाही. त्या बुधवारी इद्वलचं नाव चॅपलच्या मंडळीतून काढायचं ठरलं, तेव्हा तुझा हात सगळ्यांत आधी वर गेला हे खरं. पण माझाही गेला. कोपरापर्यंतच गेला होता, तरी मोजणाऱ्यानं मोजला. तू एकट्यानंच सगळी लाज घेऊन बसू नकोस. माझा वाटा मला ठेव.

आणि एक. आईच्या दफनाला तो आला होता. कब्रस्तानाच्या भिंतीपलीकडे, टोपी हातात धरून उभा होता. तुला दिसला होता का, हे मी चौतीस वर्षं विचारलं नाही. आता विचारते.

गुडघे तसेच आहेत. माया पातळ होऊ देऊ नकोस, आणि पुढच्या लग्नाला दूध पी.

तुझी,
लोवरी


रोसगरेग,
२४ सप्टेंबर

प्रिय इद्वल,

आशीर्वाद लिहायचा मला हक्क नाही, म्हणून नुसतं नाव लिहितो.

खाणीत तुझ्याबरोबरचा गुटो दगडाखाली गेला त्या दिवशी त्याच्या बापानं तुझ्या हातात पेला दिला आणि तू अर्धा प्यायलास. बुधवारच्या बैठकीत उभा राहून तू एवढंच म्हणालास की त्या बापाला मला नाही म्हणवलं नाही. मी ज्येष्ठांच्या मोठ्या बाकावरून तुला पौलाचं वचन ऐकवलं: भावाला अडखळण होणार असेल तर मी ते कधीही घेणार नाही. भावाला! मला तेव्हा तो शब्द ऐकूसुद्धा आला नाही. अडखळलो मी होतो, आणि वचनात अडकवलं तुला.

गेल्या महिन्यात एका बापानं माझ्याही हातात पेला दिला, आणि मलाही नाही म्हणवलं नाही. माझ्या मनात नेमके तुझेच शब्द आले. तुझा अर्धा होता, माझा पूर्ण.

आईच्या दफनाला तू भिंतीपलीकडे होतास. मला दिसलास. मी स्तोत्राच्या पुस्तकात तोंड घातलं.

शाळेत पोरांसाठी मी बसवलेलं गाणं तुला आठवत नसेल:

झऱ्याचे पाणी, ढगाचे पाणी,
पुरे मला हे देवाचे पाणी.

नऊ वर्षांचा तू ते सगळ्यांत सुरेल म्हणायचास. गाणं वाईट नव्हतं रे. मी त्याची काठी केली.

क्षमा माग असं कुणी सांगितलेलं नाही. मागतो आहे.

एम्लिन


लिव्हरपूल,
८ ऑक्टोबर

ती. दादास,
स. न. वि. वि.

इद्वलचा निरोप आला आहे, जसाच्या तसा सांगते. पत्र मिळालं म्हणतो. अक्षर अजून फळ्यावरच्यासारखंच आहे म्हणतो. उत्तर लिहिणार नाही म्हणतो. मला बाहेर काढलं ते चाळीस माणसांसमोर, मोठ्या आवाजात, आणि माफी मागितली ती बंद पाकिटात, टपालानं. तर रोसगरेगला यायचं मला काही कारण दिसत नाही, असं म्हणतो.

त्यानं यावं म्हणून मी फोनवर हट्ट धरला, रडलेही. तर म्हणाला की ताई, गाडीचं वेळापत्रक मला तुझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. यायचंच असतं तर चाळीस वर्षांत आलो असतो. आणि फोन ठेवला.

वाईट वाटून घेऊ नकोस असं लिहीत नाही. थोडं वाटू दे. पण जेवत जा.

आपलेपणा होता तितका तरी राहू दे.

तुझी,
लोवरी


रोसगरेग,
१८ ऑक्टोबर, शनिवार

प्रिय लोवरी हिस,
अनेक आशीर्वाद.

निरोप पोचला. त्याचं म्हणणं मला पटलं, म्हणून परवाच्या बुधवारी बैठकीला गेलो. आता आम्ही एकोणीसच उरलोय. मी उभा राहिलो आणि म्हणालो की मी कार्डिफात मद्य प्यायलो, राजीखुशीनं, आणि नियमाप्रमाणे माझंही नाव काढावं.

आणि काय झालं असेल? ते हसले गं! मायेनं हसले. पाळक अवघे तिशीतले. म्हणाले की मास्तर, एक पेला तो काय, लग्नघरचा पाहुणचार, देव इतका हिशेबी नाही. शेजारी बसलेल्या ग्रिफनं तर पाठीवर थाप मारली आणि विचारलं की चांगली होती का. मला माफ करायला त्यांना चहा गार व्हायचासुद्धा वेळ लागला नाही.

त्या हसण्यानं मला जितकं मेल्याहून मेल्यासारखं झालं, तितकं विलच्या भिंतीवरच्या फोटोनं झालं नव्हतं. हीच खोली, हाच नियम. पंचवीस वर्षांच्या खाणकामगाराला अर्ध्या पेल्यासाठी दरवाजा, आणि म्हाताऱ्या हेडमास्तराला पूर्ण पेल्यासाठी पाठीवर थाप.

मी बसलो नाही. कपाटातून १९३४ चं ठरावाचं पुस्तक काढलं. पान मला शोधावं लागलं नाही. माझंच अक्षर, फळ्यावरच्यासारखं. मी ते मोठ्यानं वाचलं, ‘एकमताने’ या शब्दापर्यंत. मग सांगितलं की तो पेला कुणी दिला होता आणि का दिला होता, कारण ते मी पुस्तकात लिहिलंच नव्हतं. नियम मोडीत काढा असं मी म्हणालो नाही. ओवेनमामा मलाही आठवतो. मी अजूनही मुलांना पाणीच प्या म्हणेन. पण पेला पाहिला आणि माणूस पाहिला नाही, हे पाप माझं आहे; ते त्या पुस्तकात माझ्या नावावर लिहा, एवढंच मागितलं.

हसू थांबलं. मागच्या बाकावर म्हातारी मेगन होती, गुटोची बहीण. ती उठली आणि म्हणाली की त्या संध्याकाळी आमच्या घरी चॅपलमधून एकटा इद्वलच आला होता. आमचं घर गुत्त्याशेजारी, म्हणून बाकीचे सगळे त्याचं दार टाळायला लांबच्या रस्त्यानं घरी गेले. लांबच्या रस्त्यानं जाणाऱ्यांत पुढे मी होतो.

त्यांनी लिहून घेतलं. इद्वलचं नाव परत घालायचंही ठरलं, पण मी म्हणालो की ते त्याला विचारल्याशिवाय नको. आपण त्याला एकदा न विचारता काढलंय. हे तू त्याला कळवू नकोस. त्यानं यावं म्हणून मी हे केलं असं त्याला वाटेल, आणि थोडं तसं आहेही, याचीच मला लाज वाटते. समितीचा राजीनामा दिलाय. मत मात्र बंदच्या बाजूनं देणार. विलला तसं सांगितलं, तर म्हणाला की फोटो तरी राहू द्या, गिऱ्हाईक वाढलंय.

इथवर लिहून मी शाईची दौत बंद करत होतो, तो फाटक वाजलं. खिडकीतून पाहतोय. कुणी म्हातारा स्लेटच्या पायरीवर उभा आहे. पाव्हणा वाटला, कारण आपल्याकडचा माणूस मागच्या दारानं येतो. टोपी हातात आहे. काठी आहे. पायांत बूट साधेच आहेत, म्हणून आवाज ओळखला नाही. पण कान आपल्या बाबांचे आहेत, लोवरी.

त्यानं अजून दार ठोठावलेलं नाही. मीही अजून उठलेलो नाही. हे पत्र तर अजून माझ्याच हातात आहे, मग त्याला मेगननं कळवलं असेल का?

एवढ्या लांबून आलाय. आणि घरात त्याच्यासमोर ठेवायला चहाशिवाय काही नाही, याची आयुष्यात पहिल्यांदा लाज वाटते आहे.

उठतो.

एम्लिन