‘एक बाई होती’ म्हणतात ती मी

मी, खाली सही करणारी, वय झालेली पण डोळे शाबूत असलेली, धंदा वेताच्या खुर्च्या विणण्याचा, लग्न न केलेली, या मंडळीत बाप्तिस्मा झालेली, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाखाली नव्हे तर स्वतःच्या हट्टाने लिहून ठेवते. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देताना ते म्हणाले, “डोकं उत्तम आहे. जिभेबद्दल लिहायची गरज नाही ना?” त्यांच्या दवाखान्यातल्या खुर्च्या मीच विणल्या आहेत आणि त्यांची बैठक कशाने झिजते हेही मला माहीत आहे, म्हणून मी हसून सोडून दिले.

याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. मरणाचा विचार करायला सवड झाली नव्हती.

कलम पहिले. माझ्या दफनविधीच्या वेळी माझा धाकटा भाऊ, जो या मंडळीचा पाळक आहे, त्याने उपदेश करू नये. प्रार्थना करावी, गाणे म्हणावे, रडू आले तर रडावे. पण माझ्या शवपेटीशेजारी उभे राहून माझ्या आयुष्यातून कसलाही धडा काढू नये. आजवर पुष्कळ काढले. आता पुरे.

वकीलबाई म्हणाल्या, “आधी मालमत्ता लिहायची असते. हे असलं शेवटी.” मी म्हटले, “माझी मालमत्ता हीच आहे, आणि ती दर रविवारी चोरीला जाते.” त्यांनी चष्मा काढून ठेवला. तेव्हा खुलासा करणे भाग आहे.

माझा भाऊ रोजच्या साध्यासुध्या जगण्यातून देवाचा धडा शोधून देण्याबद्दल नावाजलेला आहे. दूध उतू गेले, किल्ली हरवली, पावसात छत्री उलटी झाली, काहीही चालते. लोक लांबून ऐकायला येतात आणि डोळे पुसत घरी जातात. आता, हा माणूस आयुष्यात कधी दूध तापवायला उभा राहिलेला नाही, आणि त्याची किल्ली त्याची बायको सांभाळते. मग एवढे प्रसंग येतात कुठून? दर शुक्रवारी तो माझ्या दुकानात येतो, दुरुस्तीला आलेल्या खुर्च्यांतली त्यातल्या त्यात धड खुर्ची बघून बसतो, चहा घेतो आणि विचारतो, “ताई, काय विशेष?” मी मूर्खासारखी सांगते. रविवारी तेच मला व्यासपीठावरून ऐकायला मिळते. सुरुवात ठरलेली असते: “एक बाई होती.”

एकदा माझी दाढ ठणकत होती आणि त्या भरात मी वेत टबात भिजत घालून विसरून गेले. दुसऱ्या दिवशी बघते तो काळा पडलेला, फेकून द्यावा लागला. भावाने काय सांगितले? “एक बाई होती. तिने वेत पाण्यात ठेवला आणि धीर धरला. देवसुद्धा आपल्याला असाच भिजत ठेवतो, वाकण्याजोगं करण्यासाठी.” सगळी मंडळी गलबलून गेली. दाढेचा उल्लेख नाही. फुकट गेलेल्या वेताचाही नाही.

हे मी सोसले असते. पण त्याने माझे मोडलेले लग्नही सांगितले. एक बाई होती, तिचे ठरलेले लग्न मोडले, आणि त्या दिवशी ती दुकान उघडून सबंध दिवस एकच खुर्ची विणत बसली. संध्याकाळी खुर्ची उभी राहिली आणि बाईही उभी राहिली. असे म्हणून तो थांबला. माझ्या शेजारी नेहमी कंपाउंडरची बायको बसते. तिने पदराने डोळे टिपले आणि माझ्या कानाशी लागून म्हणाली, “बिचारी! कोण असेल हो?”

मी म्हटले, “असेल कोणीतरी.”

त्या खुर्चीची वीण तिरकी गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती कापून टाकली आणि पहिल्यापासून विणली. हे मी त्याला कधी सांगितले नाही, नाहीतर त्याचाही एक रविवार झाला असता.

मला त्याचा हेवा वाटतो. हा शब्द खोडा असे वकीलबाईंनी सुचवले. मी खोडणार नाही. वडिलांचा उजवा हात लुळा पडला तेव्हा दुकान कोणी बघायचे हा प्रश्न आमच्या घरात कोणी विचारलाच नाही. वेत विणायचा टोचा माझ्या हातात आला, पवित्र शास्त्र त्याच्या हातात गेले. तो शिकायला गेला, मी खुर्च्यांच्या पाट्या आणि पाय मोजत राहिले. वडिलांची शास्त्राची प्रतही त्यालाच मिळाली, कारण “तो वाचेल.” मी काय तिच्यावर भाजी निवडली असती? आई शेवटपर्यंत पहिल्या रांगेत बसायची, आणि त्याचे एखादे वाक्य जमले की मागे वळून बघायची, लोकांच्या लक्षात आले की नाही ते. मी विणलेल्या खुर्चीवर बसून वळायची. खुर्ची कुरकुरत नाही हे तिच्या कधी लक्षात आले नाही. चांगल्या खुर्चीचे असेच असते. लक्षात येते ती मोडल्यावर.

त्याचा पहिला उपदेश मला आठवतो. अजून शिकत होता, सदरा अंगाला मोठा होत होता. उभा राहिला, म्हणाला, “माझी ताई…” आणि गप्प. व्यासपीठाची चौकट दोन्ही हातांनी धरून नुसता उभा. शेवटी म्हाताऱ्या पाळकसाहेबांनी गाणे सुरू केले आणि त्याला खाली बसवले. सगळ्यांना वाटले, पोरगा पाठ विसरला. मलाही तेच वाटले. आणि खोटे कशाला लिहू, मला बरे वाटले.

कलम दुसरे. दुकान आणि त्यावरच्या दोन खोल्या मी माझ्या भावजयीला देते. भावाला नाही, भावजयीला. पाळकाचे घर मंडळीच्या मालकीचे असते, तिथे भिंतीत खिळा ठोकायचा तरी समितीला विचारावे लागते. या बाईने जन्मभर परक्या भिंती सारवल्यासारख्या स्वच्छ ठेवल्या. आता तिने हवे तिथे, हवे तेवढे खिळे ठोकावेत. भाऊ निवृत्त झाल्यावर अर्थातच तिच्याबरोबर राहील. बायकोच्या घरात, बहिणीच्या छपराखाली. त्यात त्याला काय धडा सापडतो ते त्याने बघावे.

कलम तिसरे. टोचे, खुंट्या, कात्र्या, वडिलांची लाकडी हातोडी आणि माळ्यावरचा सगळा वेत कोपऱ्यावरच्या सुताराच्या सुनेला द्यावा. तिची बोटे चपळ आहेत. शिवाय ती चर्चमध्ये येत नाही. माझ्या ओळखीत तीच एक अशी आहे, जिला मी काही सांगितले तर ती फक्त “अगं बाई! मग?” असे म्हणते, आणि त्यातून कोणालाही काही शिकवत नाही.

रस्त्यापलीकडच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांच्या दुकानदाराला काहीही देऊ नये. चर्चसाठी त्याच्याकडून खुर्च्या घ्याव्यात असे सुचवणाऱ्या समितीच्या खजिनदारालाही नाही. मी दोघांनाही क्षमा केली आहे, कारण तशी आज्ञा आहे. पण देण्याची आज्ञा मला कुठे सापडली नाही.

बँकेत जे असेल त्यातून माझा दफनविधी करावा आणि उरलेले चर्चच्या छपराला घालावे. गळती माझ्याच जागेवर होते.

कलम चौथे. माझ्याकडे एक धडा आहे. धडे मलाही दिसतात, फक्त मला कोणी माईक दिला नाही. शास्त्रात त्या दोन बहिणी आहेत, ज्यांच्या घरी प्रभू पाहुणा येतो. एक प्रभूच्या पायाशी बसून ऐकते, दुसरी एकटी राबते आणि शेवटी चिडून तक्रार करते. भाऊ ही गोष्ट दरवर्षी घेतो, आणि राबणारीची चूक समजावून सांगताना त्याची नजर हमखास माझ्या रांगेवर येते. मी त्या राबणारीचाही हेवा करते. का, ते एक दिवस वेत ओढताना मला कळले, आणि हातातला वेत तसाच राहिला. प्रभू तिला रागावला खरा, पण नावाने हाक मारून रागावला. एकदा नाही, दोनदा. सगळ्या पाहुण्यांसमोर तिचे नाव घेतले. “एक बाई होती” असे म्हणून तिचे कौतुक केले नाही. मला वाटते, नावाने खाल्लेली बोलणी बिननावाच्या कौतुकापेक्षा जास्त प्रेमाची असतात.

हा धडा माझा आहे. भावाला तो वापरायचा असेल, तर कोणाचा आहे ते सांगून वापरावा.

येथपर्यंत मी मागच्या आठवड्यात लिहिले होते. आज वकीलबाईंकडे सही करायला जायचे, तर काल उपासनेनंतर भावजय वर आली. टेबलावर कागद होते. मी झाकायच्या आत तिने पहिले कलम वाचले. मला वाटले, आता भांडेल. ती स्टुलावर बसली आणि बोटातली अंगठी फिरवू लागली.

मग म्हणाली, “ताई, एक सांगू? शनिवारी ते आतल्या खोलीत सराव करतात. मी स्वयंपाकघरातून ऐकते. इतकी वर्षं झाली, अजूनही सुरुवात ‘माझी ताई’ अशीच करतात.”

“खोटं बोलू नकोस.”

“तुमची शपथ. ‘माझी ताई,’ म्हणतात, आणि तिथेच अडकतात. घसा खाकरतात. पाणी पितात. परत म्हणतात, परत अडकतात. मग ‘एक बाई होती’ म्हटलं की गाडी सुटते. त्या पहिल्या दिवशी पण ते पाठ विसरले नव्हते हो. तुमचंच सांगायचं होतं. ‘माझी ताई दुकानात बसली म्हणून मी इथे उभा आहे,’ एवढंच वाक्य होतं. मला लग्नानंतर म्हणाले, ताईचं नाव घेऊन बोलायला गेलो तर बोलणंच होत नाही, आणि पाळकाने गप्प राहून कसं चालेल?”

“मग मला का नाही सांगितलं?”

“तुम्हाला काय सांगणार? तुम्ही रविवारी अशा बघता त्यांच्याकडे…”

कशा बघते ते तिने सांगितले नाही. मला माहीत आहे.

ती गेल्यावर मी खाली दुकानात जाऊन बसले. गेल्या शुक्रवारी तो बसला होता त्याच खुर्चीवर बसले. पहिला उपदेश मला परत आठवला. पोरगा चौकट धरून उभा आहे, तोंड उघडे, आणि शब्द नाही. तो उपदेश मी अर्धवट समजत आले होते. तो पूर्ण होता आणि माझ्यावर होता. माझ्या भावाने केलेला सगळ्यात चांगला उपदेश तोच, आणि मी मागच्या रांगेत बसून मनातल्या मनात हसत होते.

हेवा गेला असे मी लिहिणार नाही, कारण मृत्युपत्रात खोटे लिहिणे गुन्हा आहे. आई वळून बघायची ते आठवले की अजूनही पोटात दुखते.

कलम पाचवे आणि शेवटचे. कलम पहिले याद्वारे रद्द समजावे. वकीलबाई म्हणाल्या, ते पान फाडून नवीन लिहू. मी नको म्हटले. हे पत्र भावालाच वाचायला मिळणार आहे. त्याने आधी पहिले कलम वाचावे आणि चांगला घाबरावा. तेवढा माझा हक्क आहे.

माझ्या दफनविधीला त्याने उपदेश करावा. वेत, दाढ, मोडलेले लग्न, काय हवे ते घ्यावे, किंवा काहीच घेऊ नये. अट एकच आहे. सुरुवात “एक बाई होती” अशी करू नये. “माझी ताई” अशी करावी, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. कंपाउंडरच्या बायकोलाही.

त्यापुढे त्याला बोलता आले नाही, तर कोणी गाणे सुरू करू नये. ऑर्गनवाल्या बाईंनी हात मांडीवर ठेवावेत. त्याने जमेल तितका वेळ उभे राहावे आणि मग मागच्या खुर्चीवर खाली बसावे. उपदेश पूर्ण झाला असे समजावे. खुर्चीची काळजी नसावी. ती मी विणली आहे, ती त्याला धरून ठेवील.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, डोळे एकदाच पुसून, खालील साक्षीदारांसमोर सही केले आहे. भाऊ साक्षीदार होऊ शकत नाही असे वकीलबाई म्हणाल्या. भावालाही नियम लागू पडतात हे ऐकून बरे वाटले.

(सही)
खुर्च्या विणणारी, पाळकाची मोठी बहीण

साक्षीदार पहिले: दवाखान्याचे डॉक्टर (सही)

साक्षीदार दुसरी: कंपाउंडरची बायको (सही). हिने सही करण्याआधी सगळे वाचून काढले. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “ती तुम्ही होतात?” मी म्हटले, “सही करा.”

ठिकाण: वकीलबाईंची खोली, खिडकीजवळचे टेबल
दिनांक: ऑक्टोबरचा दुसरा सोमवार, दुकान बंद ठेवून