छातीवरचं लाल दोऱ्याचं बटन

बाई,

इतक्या उशिरा लिहितो आहे, त्याबद्दल आधी माफी. तुम्ही देवाघरी गेलात त्याला एकतीस वर्षं झाली, आणि मी तुमच्या वर्गातून उठलो त्याला साठ होत आली. मधल्या काळात दोन ओळी लिहायला सवड मिळाली नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल, आणि तुमच्याशी एकदा खोटं बोलून झालेलं आहे. अक्षर अजून ओळीवरून घसरतंच. सूनबाई म्हणते, बाबा, मोबाईलपुढे बोला, तो आपोआप लिहितो. पण तुम्हाला सांगायचं ते मोबाईलनं आधी काऊन ऐकावं? म्हणून दुरेघी वही आणली आणि दुकानात काउंटरवरच बसलो. गिऱ्हाईक आलं की थांबतो, गेलं की पुढे लिहितो.

दुकान धाड गावात आहे, स्टँडच्या रस्त्यावर. पूर्वी नुसतं शिवणकाम होतं. मग लोक तयार कपडे घ्यायला लागले, मशीनवर धूळ बसायला लागली, तेव्हा सुनेनं कॉम्प्युटर आणला आणि आम्ही कपड्यांवर छपाई सुरू केली. कबड्डीच्या संघाचे टी-शर्ट, गणपती मंडळाचे, हळदीच्या दिवशी नवरीकडच्यांचे पिवळे, सप्त्यातल्या वाढप्यांचे. चित्र ती काढते. कापड, रंग आणि माप मी बघतो. मला जिवाला घोर लावून घ्यायची सवय आहे हे तुम्हाला माहीत आहे. पण कापडाच्या बाबतीत मी घाबरत नाही. हात फिरवला की ते कापड उन्हात कसं वागेल ते मला कळतं.

आता मुद्द्याचं. येत्या रविवारी आपल्या शाळेच्या मैदानावर तुमच्या विद्यार्थ्यांचा मेळावा आहे. तुम्ही अकरा वर्षं आमच्या गावात होतात. त्या अकरा वर्षांतली जेवढी पोरं हाताला लागली तेवढी येणार आहेत. पोरं म्हणजे आता सगळे आजे आणि आज्या. पुढाकार घेतला आहे तो शेवटच्या बाकावर बसून बोरं खाणाऱ्यानं. तो एसटीत कंडक्टर होता, आता निवृत्त आहे, पण आवाज अजून गाडीतलाच आहे. त्यानं ठरवलं की सगळ्यांनी एकसारखे टी-शर्ट घालायचे आणि छातीवर तुमचा फोटो छापायचा. काम माझ्याकडे.

तुमचा एकच फोटो सापडला. शाळेच्या पायऱ्यांवरचा, डोक्यावर पदर, मागे आम्ही उभे. तुमचे डोळे नेमके मिटलेले. सुनेनं कॉम्प्युटरवर तुमचे डोळे उघडले. पापण्या काढून तिथे बुबुळं बसवली, गालावरचा डाग पुसला आणि पडदा माझ्याकडे फिरवून म्हणाली, "बघा बाबा, कशा दिसतात." चांगल्या दिसत होत्या, पण त्या तुम्ही नव्हत्या. नांदुऱ्याच्या गाडीत समोर बसलेली कोणी बाई असावी तशा. मी म्हणालो, नको. त्या दिवसापासून माझी आणि कंडक्टरची जुंपली आहे.

"काऊन बे टेलर, तुले काय खुपून राह्यलं?" तो दुकानात येऊन स्टुलावर बसला. "कमिटीनं ठरवलं ना? तू चौथी अर्धवट, अन् कमिटीच्या ठरावाले नाट लावतो?"

"चौथी अर्धवट तर चौथी अर्धवट. कापड मी निवडणार."

तेवढ्यात आपल्याच वर्गातली, पहिल्या ओळीत बसायची ती आली. आता तिचा मिरची-वांग्याचा मळा आहे आणि धाडच्या बाजारात तिची ठरलेली जागा आहे. टोपली खाली ठेवून तिनं तो फोटो पाहिला, मग कंडक्टरच्या पोटाकडे पाहिलं.

"बाईचा फोटो? अन् ह्या ढेरीवर? बाईचं तोंड भोपळ्याएवढं होईन."

"माही ढेरी कायले काढतं वं?"

"तूच तं पुढं काढून चाललास, मी कायले काढू? अन् मेळावा झाल्यावर काय करशीन त्या कपड्याचं? वरीसभरात तुही सून त्यानं गाडी पुसन. बाईच्या तोंडानं गाडी पुसाची का रे?"

कंडक्टरनं शर्ट ओढून ढेरी झाकली. मी त्याला आयुष्यात दुसऱ्यांदा लाजलेला पाहिला. पहिल्यांदा तुम्ही त्याच्या खिशातली बोरं मोजली होती तेव्हा. मग त्यानं विचारलं, "बायांचं कसं करावं? लुगड्यावर टी-शर्ट घालसान का?"

"कापूस येचाले जातो तं घरधन्याचा सदरा घालतोच ना लुगड्यावर? तसाच घालू. पण बाह्या पुऱ्या पाह्यजे, टेलर, अन् पुढं कामात आला पाह्यजे."

तिचं हे बोलणं मला पटलं. नुसत्या मिरवण्याच्या कपड्यापेक्षा पुढे कामात येणारा कपडा केव्हाही मोठा. आणि कापडानंच माझी बाजू घेतली. फोटो धुण्यात टिकायचा तर पॉलिस्टर लागतं, आणि आपल्याकडच्या उन्हात पॉलिस्टर घातलेला सत्तरीचा माणूस भाषणं संपेपर्यंत बसणार नाही. सुतीवर फोटो चिकटवता येतो, पण तो छातीवर प्लास्टर लावल्यासारखा लागतो आणि पाच-सहा धुण्यांत तडकतो. तुमचा चेहरा तडकलेला मला बघायचा नाही. सुती कापडावर जाळीतून छापलेला एक-दोन रंगांचा साधा ठसा मात्र कापडाबरोबरच म्हातारा होतो. मी दोघांना सांगितलं: पांढरं सुती, गड्यांना अर्ध्या बाह्या, बायांना पूर्ण, आणि छपाई दोनच रंगांची. मापंही मीच बदलली. यादीत सगळ्या गड्यांनी आपलं लग्नातलं माप लिहिलं आहे. मी प्रत्येकाला एक नंबर वाढवून ठेवला.

"अन् छापाचं काय मंग?" कंडक्टर म्हणाला. "शाळेचं नाव? खडू? फळा?"

"बटन," मी म्हणालो.

त्यांना समजावून सांगावं लागलं नाही.

बाई, तुम्ही आलात तेव्हा आमच्या निम्म्या वर्गाच्या सदऱ्यांना बटनं नव्हती. आम्ही बाभळीचा काटा टोचून सदरा मिटायचो. तुमच्या पर्समध्ये एक सुई आणि दोऱ्याचं एकच रीळ, लाल. पांढऱ्यावर लाल, खाकीवर लाल. प्रार्थना संपते. तुम्ही खुर्चीवरून उठून आमच्या उंचीला वाकता, काटा काढून खिडकीबाहेर टाकता, आणि मिळेल ते बटन लावून देता. कधी कोटाचं, कधी उशीच्या अभ्र्याचं. शेवटी दोरा दातांनी तोडण्यासाठी तुमचं डोकं अगदी छातीशी येतं. केसांना खोबरेल तेलाचा वास, हाताला खडूचा. गावात कुठेही पोरगं दिसलं आणि छातीवर लाल टाका असला की लोक म्हणायचे, हे बाईचं.

म्हणून ठरलं: सदऱ्यावर जिथे दुसरं बटन असतं, तिथे एकच बटन छापायचं, चार भोकांचं, तपकिरी, आणि त्यात लाल टाका. नाव नाही, फोटो नाही. टी-शर्टाला मुळात बटन नसतं, त्यामुळे ते एकटं उठून दिसेल. सुनेनं दहा मिनिटांत काढलं. पण टाका कसा, यावर पुन्हा भांडण. कंडक्टर म्हणतो दोन आडव्या रेघा. मळेवाली म्हणते दोन उभ्या. मी म्हणालो फुली, आणि फुलीचा वरचा दोरा उजवीकडून डावीकडे.

"तुले एवढं कसं याद?" कंडक्टरनं विचारलं. "मले तं बाईनं एकदाच लावून देल्लं होतं."

"मला तीनदा," मी म्हणालो आणि विषय बदलला.

त्या तीनदाचंच हे पत्र आहे. तिसऱ्या वेळी तुम्ही विचारलंत, "काय रे, तुमच्या घरी सुई नाही का?" आणि मी म्हणालो, नाही. पुढच्याच रविवारी तुम्ही आमच्या दारात. हातात सुयांचं पाकीट आणि दोऱ्याचं नवं रीळ. आई चुलीपाशी भाकरी थापत होती. आणि तुमच्यासमोर, भिंतीला, अर्धी शिवलेली वाकळ टांगलेली होती, मुंगीच्या रांगेसारखे टाके. अख्ख्या गल्लीच्या वाकळी माझी आई शिवायची. तुम्ही वाकळीकडे पाहिलंत, मग माझ्याकडे. मी कणगीमागे सरकलो. आई पाकिटाकडे पाहत म्हणाली, "हे काय आणलं बाई? माह्या घरी सुई नाही असं कोणं सांगितलं तुम्हाले?"

मला वाटलं आता संपलं. तुम्ही पाकीट आईसमोर ठेवलंत, पाटावर बसलात आणि म्हणालात, "कोणी नाही सांगितलं. मला वाकळीचा टाका शिकायचा आहे. रिकाम्या हातानं कसं यावं, म्हणून आणलं." आणि खरंच चार रविवार येऊन शिकलात. आई तुम्हाला ओरडायची, "बाई, टाका लांब चाल्ला तुमचा," आणि तुम्ही उसवायचात. मी कणगीमागून बघायचो.

शाळेत तुम्ही मला त्याबद्दल एक शब्द बोलला नाहीत. मी रोज छडीची वाट पाहत होतो. महिन्याभरानं माझं बटन खरोखरच तुटलं तेव्हा तुम्ही वाकला नाहीत. पर्समधली सुई माझ्या हातात दिलीत. "तुझी आई माझ्यापेक्षा चांगलं शिवते. तूही शिव." बस. वर्गासमोर उभ्यानं मी ते बटन लावलं, बोटाला तीनदा टोचून घेतलं. आजवर मला मिळालेली सगळ्यात कडक शिक्षा ती, आणि सगळ्यात मोठी देणगीही तीच. परीक्षेआधीच वडिलांनी मला धाडच्या शिंप्याकडे बसवलं, कारण पोराला सुई धरता येते हे त्यांनी पाहिलं होतं. माझी चौथी अर्धवट राहिली, पण त्या सुईवर घर उभं राहिलं.

नमुन्याचा पहिला टी-शर्ट आज सकाळी छापून झाला. मी तो अंगात घातला आहे. सुनेनं आरसा धरला. फुली बरोबर आली आहे, लाल रंग थोडा गडद करावा लागेल, बाकी काम नीट आहे. हे मी छाती ठोकून सांगतो. पण आरशात बघताना माझी मान आपोआप खाली गेली आणि दात त्या बटनापर्यंत जायला लागले. सून घाबरली. "काय करता बाबा?"

तिला सांगितलं नाही, कंडक्टरला नाही, मळेवालीलाही नाही. तुम्हाला सांगतो. ती तीन बटनं तुटली नव्हती. मी ती वेशीबाहेर चिंचेखाली उभा राहून दातांनी तोडली होती, तुम्ही वाकून जवळ यावं म्हणून.

हे पत्र बटनांच्या डब्यात ठेवतो आहे, तुमचा पत्ता कोणाकडे नाही. सुईचं खोटं तुम्हाला वाकळ पाहताच कळलं, हे मला माहीत आहे. बटनांचं कळलं होतं का? कळूनही तीनदा लावलीत का? शुक्रवारी सगळे टी-शर्ट छापायचे आहेत, आणि एकदा रंग कापडात उतरला की तो निघत नाही. छापायला माझी हरकत नाही. फक्त त्याआधी तेवढं कळवा बाई, लवकर कळवा.