आपली भट्टी कुणी बांधली

आप्पा,

गेल्या महिन्यात धाकट्यानं दुकानासाठी नव्या कागदी पिशव्या छापायला काढल्या. पिशवीवर दुकानाचा इतिहास चार ओळींत हवा, असं त्याच्या डोक्यात आलं. गणेशगुडीला जाणाऱ्या गाड्या आता आपल्या दारात थांबतात, माणसं मुडलीचे कंद आणि कोकमं घेतात, पाव घेताना हे कुणी सुरू केलं म्हणून विचारतात. त्यानं लिहून आणलं होतं, ‘धरणात गाव गेल्यावर आमच्या वडिलांनी इथं भाजीची टोपली मांडली आणि पुढं स्वतःच्या हातांनी भट्टी बांधली.’ मी म्हटलं, “स्वतःच्या हातांनी, हे तुला कुणी सांगितलं?” तो म्हणाला, “आप्पांनीच की. दुसरं कोण सांगणार?” भट्टी झाली तेव्हा तो पाळण्यात होता. मी आठ वर्षांची होते.

टोपलीचं खरं आहे. कुणबी बायका डोंगर उतरून कंद, काकड्या, फणस घेऊन यायच्या आणि तुम्ही प्रत्येक टोपलीत पार तळापर्यंत हात घालायचात. “वर चांगलं, खाली सडकं. मला म्हाईत हाय.” खाली बहुतेक वेळा चांगलंच निघायचं, तरी पुढच्या टोपलीत हात पुन्हा तळाशी. आई म्हणायची, गाव पाण्याखाली गेल्यापासून ह्यांचा कुणावर भरवसा उरला न्हाई. मला ते कारण कधीच पुरेसं वाटलं नाही. गाव तर सगळ्यांचंच गेलं होतं. आणि खोटं कशाला सांगू, आता टोपलीत हात मी घालते.

भट्टी बांधली पोदेरमामानं. गोव्याहून अनमोड घाट चढून आलेला तो पाववाला, रुंद हातांचा, हळू बोलणारा. चिरे त्यानं रचले, माती त्यानं तुडवली, मी घमेल्यातून पाणी नेऊन ओतत होते. पहिल्या दिवशी त्यानं माझ्यासाठी बांगडीएवढा गोल कडक पाव भाजला आणि माझ्या मनगटात घातला. दोन वर्षं आपल्या पावाचा वास रस्त्यापर्यंत जात होता. तुम्ही जीपनं गणेशगुडीला धरणाच्या कामगारांकडं पाव पोचवायचात आणि लोक तुमचं नाव घ्यायचे.

मग तो दिवस. आपल्या स्वयंपाकघरात पोदेरमामा भात जेवतोय, आई चुलीपाशी आहे. तो सांगतोय, गणेशगुडीला जागा बघितली आहे, बायकोला आणि मुलीला घेऊन येईन, स्वतःची भट्टी घालीन. तुम्ही हसता. “चांगलं हाय की,” म्हणता आणि त्याच्या ताटात आमटी वाढता. तुम्ही कधी कुणाला वाढलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. तेव्हाच मला काहीतरी वेगळं वाटलं होतं. पण दहा वर्षांच्या पोरीला अशा वाटण्याचं काय करायचं ते कळत नाही.

पुढच्या बाजारच्या दिवशी दुकानासमोर माणसं जमली असताना तुम्ही मोठ्यानं म्हणालात, ह्याच्या पिठात मेलेला उंदीर निघाला, ह्यानं तो काढून टाकला आणि त्याच पिठाचे पाव भाजले. पोदेरमामाला आधी कळलंच नाही. तो म्हणाला, “कोणी पाहिलं?” तुम्ही माझा खांदा धरून मला पुढं ओढलंत. “हिनं. सांग गं, बघितलंस न्हवं?”

मी काहीच बघितलं नव्हतं. पोदेरमामा खाली वाकला. त्याच्या कोपरापर्यंत पीठ होतं. “बाय, तुवें किदें पळयलें?” काय पाहिलंस, एवढंच विचारत होता. मी तुमच्या तोंडाकडं पाहिलं आणि मान हलवली. होय म्हणून. कुणीतरी हातातला पाव रस्त्यावर टाकला, मग दुसऱ्यानंही. त्यानं हात धुतले, आपलं गाठोडं बांधलं आणि दुपारच्या गाडीनं गेला. गणेशगुडीची जागा तशीच राहिली, कारण बातमी त्याच्याआधी तिथं पोचली होती. दुसऱ्या दिवशी तुम्ही जोयड्याहून माझ्यासाठी लाल छत्री आणलीत. आई तुमच्याकडं बघत राहिली. तिला किती ठाऊक होतं, हा संशय मला अजून आहे. तिला विचारायचं धाडस झालं नाही, आणि आता तीही नाही.

पिशवीवरची ती ओळ वाचली आणि मला राहवलं नाही. धाकट्याला नातेवाइकाचं लग्न सांगितलं आणि घाट उतरून गेले. पोदेरमामाचं गाव लक्षात होतं. तिथं एका लहानशा बेकरीत त्याची मुलगी भेटली, माझ्याच वयाची, बापासारखेच रुंद हात. तो जाऊन बरीच वर्षं झालीत. पुढं आयुष्यभर त्यानं दुसऱ्यांच्या भट्ट्यांवर काम केलं. मी कुठून आले ते सांगितलं तशी तिनं मला बस म्हटलं नाही. “इतल्या वर्सांनी कशाक आयल्यात? भट्टीच्या कागद-बिगदांवर सही हवी?”

मी म्हटलं, “नाही. तुमच्या वडिलांनी आमची भट्टी बांधली, एवढंच सांगायला आले.”

ती माझा चेहरा निरखत राहिली. मग म्हणाली, “बाबा कुणालाच नावं ठेवत नसत. पण त्या घरात एक चेडूं होतं म्हणायचे, लहान मुलगी. खूप लाडकी. तिनं असं का केलं, ते त्यांना शेवटपर्यंत समजलं नाही. ती तूच काय?”

परत आल्यावर मी पिशवीवरची ओळ बदलून घेतली. आता तिथं लिहिलंय, भट्टी गोव्याच्या एका पोदेरानं बांधली. तो का गेला, ते लिहिलेलं नाही. धाकटा कुरकुरला आणि तेव्हापासून माझ्याकडं जरा तिरकं बघतो, लग्न कुणाचं होतं म्हणून दोनदा विचारून झालंय. हे पत्र मी त्याला दाखवणार नाही. तुमच्यापर्यंत तर ते पोचणारच नाही, म्हणूनच लिहिता आलं.

पोदेरमामाच्या मुलीला मी सांगितलं, ती मी नव्हे, ती माझी थोरली बहीण, ती लहानपणीच वारली. तिनं हळहळून मला पाणी दिलं आणि मी ते प्यायले. आप्पा, मला बहीण कधी नव्हती.