लोखंडाचा घाम

४ नोव्हेंबर

पोहोचलो! रस्ता संपतो तिथून साठ किलोमीटर स्नोमोबाइलने. मागच्या घसरगाडीवर पीठ, चहा, डुकराचं खारवलेलं मांस आणि सापळ्यांच्या तीन पेट्या. छप्पन्नाव्या वर्षी हा वेंडेल प्रोकॉप, अठ्ठावीस वर्षं गॅरेजच्या खड्ड्यात उताणा पडून तोंडावर तेल झेललेला माणूस, फरसाठी जनावरं धरायच्या स्वतःच्या सापळावाटेचा मालक झाला. माझी बायको इर्मा म्हणते, तुझं डोकं फिरलंय. निघताना ही वही तिनेच हातात कोंबली. तिथे तुझी बडबड ऐकायला कुणी नाही, आता या बिचारीला पीळ, म्हणाली.

वाट दाखवायला लिओनाआजी पीटर आली होती. हॅमर क्रीक या ओढ्याच्या पलीकडची सापळावाट तिची. कास्का जमातीची बाई, इथेच जन्मलेली, एकाहत्तर वर्षांची. पण गाडी अशी हाणते की पुढे जाऊन, थांबून, वळून मला हसायलाही तिला सवड मिळत होती. नावाने हाक मारत नाही. गॅरेजवाल्या म्हणते.

केबिन कोरडी आहे. चूल धूर कोंडत नाही. आणखी काय हवं?

६ नोव्हेंबर

कमरेच्या पिस्तुलाचा परवाना प्लास्टिकच्या पिशवीत घालून सदऱ्याच्या खिशात ठेवलाय. काम करताना तो अंगावर हवाच. चौदा महिने लागले हा कागद मिळवायला. अर्ज दोनदा परत आला. कचेरीतल्या बाईचा एकच हेका, लांब बंदूक आहे ना तुमच्याकडे, मग कमरेला आणखी कशाला? शेवटी तिच्या टेबलापुढे गुडघे टेकून दाखवलं. हा खांब, हा सापळा. एक हात इथे, एक हात स्प्रिंगवर. पाठीवरची बंदूक फांद्यांत अडकते म्हणून ती पलीकडच्या झाडाला टेकवलेली. आता अस्वल आलं, बाई, तर त्याला जरा थांब म्हणू का? रांगेतली माणसं हसली. बाई हसली नाही, पण तिसरा अर्ज पुढे सरकला.

अटी पाठ आहेत. फक्त माझ्या वाटेवर. फक्त जनावरापासून जीव वाचवायला. कामावर असताना कमरेच्या म्यानात, एरवी कुलुपात. एक जरी मोडली तर कागद गेला. मी मोडणार नाही.

९ नोव्हेंबर

चाळीस सापळे लावून झाले. दोन्ही हात मोकळे ठेवून काम करायचं सुख काय सांगू! रायफल पडवीतल्या खिळ्यावरच असते.

लिओनाआजी चहाला आली. मी बाहेरून येऊन पिस्तूल खाटेखालच्या लोखंडी पेटीत ठेवलं, कुलूप लावलं, तर कप खाली ठेवून बघतच राहिली. दिवसभर थंडीत राहिलेलं लोखंड चुलीपाशी आणतोस होय रे? घाम फुटतो त्याला. सकाळी बाहेर नेलंस की तोच घाम आत गोठून बसतो. आमच्यात कुणी बंदूक घरात आणत नाही, ती पडवीत राहते.

मी म्हटलं, कागदावर कुलूप लिहिलंय. मग लाव की कुलूप, पण पडवीत लाव, ती म्हणाली. मी म्हटलं, पडवीतून कुणी पेटीच उचलून नेली तर? कोण नेणार, खार? चौदा महिने, मी म्हटलं. आणि लोखंडाचं मला शिकवू नकोस, आजी. रोज रात्री तेलाचा हात मारतो मी त्याला. तेल, असं ती नुसतं म्हणाली आणि आणखी साखर मागितली.

१५ नोव्हेंबर

उणे एकतीस. सात क्रमांकाचा सापळा उघडा, लाकडी खोकं फुटलेलं, आत सापडलेल्या मार्टेनचं, ज्याच्या फरसाठी हा सगळा खटाटोप, नुसतं शेपूट राहिलेलं. अकराव्यालाही तेच. वुल्व्हरीन असणार, सापळे लुटणाऱ्या जनावराची चोर जात.

एक गंमत झाली. परत येताना सकाळच्या माझ्याच पावलांवरून आलो. बर्फावर चालायच्या जाळीच्या जोड्यांचा ठसा रुंद आणि उथळ पडतो. आज प्रत्येक ठशाच्या मध्ये एक खड्डा होता. बर्फ बसला असेल.

१७ नोव्हेंबर

बर्फ बसलेला नाही. खड्डे ढोपरापर्यंत खोल आहेत. कुणीतरी माझ्या ठशात ठसा ठेवून चालतंय. बाजूला एकही पाऊल नाही. माझी ढांग लहान आहे. त्यानेही आपली तेवढीच ठेवलीय.

आणि आवाज. इंजिनाचा आवाज ऐकून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगणारे हे कान आहेत, फसत नाहीत. झाडीत काचेचे पेले एकमेकांना लागावेत तसं किणकिणत होतं. मी थांबलो की थांबायचं.

१८ नोव्हेंबर

रेडिओवर लिओनाआजीला सांगितलं. किणकिणीचं तिने पुन्हा एकदा सांगायला लावलं.

मग म्हणाली, ते अस्वल आहे. म्हातारं, दात गेलेलं. अंगावर चरबी चढली नाही की त्याला झोप लागत नाही, हिवाळाभर हिंडतं. क्रीकच्या उघड्या पाण्यात माशांसाठी उतरतं, बाहेर येऊन बर्फात लोळतं, ते अंगावर गोठतं. पुन्हा उतरतं, पुन्हा गोठतं. तुझी ती कमरेची गोळी त्यावरून गाडीच्या काचेवरून गारा उडाव्यात तशी उडेल. तिच्या काकाने असं एक पाहिलं होतं. फक्त तोंडात बर्फ धरत नाही, तो म्हणायचा. आणि जबडा उघडेपर्यंत थांबायला फार मोठं काळीज लागतं.

मी विचारलं, तुझ्या काकाने थांबून मारलं का? ती म्हणाली, काकाने ते लांबून पाहिलं. थांबला होता तो दुसरा.

मग खड्ड्यांबद्दल विचारलं. नखांची टोकं कुठे वळलेली आहेत, केबिनकडे की उलट? मी सांगितलं, केबिनकडे. गॅरेजवाल्या, आत बस, तिने हुकूम सोडला. रायफल हाताशी ठेव. शुक्रवारी मी दोन माणसं घेऊन येते. पहिल्यांदाच तिने टोमणा मारला नाही. तेच जास्त लागलं.

२१ नोव्हेंबर, सकाळ

बुधवार. तीन दिवस बसलो. वाटेवर सापळ्यांत मार्टेन असणार, आणि ते त्या भामट्याच्या पोटात जाणार. निम्म्या वाटेपर्यंत जाऊन येतो.

रायफल घ्यावी की नाही, दाराशी उभा राहून बराच वेळ बघत होतो. पण गुडघे टेकून त्या बाईला मीच पटवलं ना, की ती आडवी येते म्हणून? मग हे कमरेला कशासाठी बांधलंय? रात्रीच पुसून, तेल लावून ठेवलंय. चकाकतंय.

२१ नोव्हेंबर, दुपार

वाटेच्या मध्यावरच्या मुक्कामाच्या झोपडीत आहे.

तेविसावा सापळा. मी गुडघ्यावर. दोन्ही हात स्प्रिंगवर. किणकिण मागून आली, अगदी मागून. वळलो. काळं नव्हतंच ते. पांढरं, चकाकणारं, दिव्यांच्या झुंबरासारखं— आणि मधोमध दोन डोळे.

पिस्तूल काढलं. चौदा महिने. घोडा मागे येईना. दोन्ही अंगठे लावले. गोळ्यांची चक्री हलेना. आतून धरलेलं सगळं. घाम. तेल तर पाकासारखं घट्ट—

मार्टेनची पिशवी त्याच्याकडे फेकली आणि पळालो. ते पळालं नाही. पिशवीपाशी बसलं. घाई नव्हती त्याला.

२२ नोव्हेंबर

दाराला ओंडका लावलाय. रेडिओ केबिनमध्ये. रायफल पडवीत, खिळ्यावर, कोरडी, चालणारी. नऊ किलोमीटर.

छपराभोवती हिंडतं. दार ढकलत नाही. हुंगतं. बसतं.

पिस्तूल खोललं. स्टोव्हच्या उरल्यासुरल्या इंधनाने धुतलं, तेलाचा थेंब ठेवला नाही. आता चुलीपाशी पूर्ण वाळवायचं, पाण्याचा कण राहायला नको. सरपण ओलं आहे. पेटत नाही. दाराच्या फळीच्या ढलप्या काढून जाळल्या. खिशातलं इर्माचं पत्रही—

कागद हवा. वहीची पानं लिहायला हवीत मला. एकच कागद उरला होता. सदऱ्याच्या खिशात.

लगेच पेटला. चांगला जाड कागद होता, सही-शिक्क्याचा. आता इथून जिवंत बाहेर पडलो तर मी गुन्हेगार. इर्माला सांगेन. हसेल ती.

२३ नोव्हेंबर

शुक्रवार. वाळलं. दाराच्या फटीतून थंडीत धरून बघितलं. घोडा येतो. चक्री फिरते.

सरपण संपलं.

लिओनाआजी निघाली असेल. केबिन रिकामी बघेल. रायफल खिळ्यावर बघेल. मग माझ्या पावलांवरून येईल. त्याच खड्ड्यांतून.

आत बसून राहिलो तर ते तिला आधी ऐकेल.

दुपार

लांबून इंजिन. दोन गाड्या. एकीचा पट्टा सैल आहे, तीच, तिचीच. मी नोव्हेंबरभर सांगतोय आवळून घे म्हणून—

किणकिण उठली. दारापासून दूर चाललीय. वाटेकडे. त्यांच्याकडे.

ओंडका काढला. हाक मारली. नावाने कशी मारणार, अरे म्हटलं, ए, इकडे—

थांबलं. वळलं.

दार उघडंच ठेवलंय. पाठ भिंतीला. डाव्या हाताने लिहितोय, उजव्यात पिस्तूल. मोठं काळीज, म्हणाली होती. चौकट पूर्ण भरली. श्वासाची वाफ इथवर येते, माशांचा वास. छातीवरचा बर्फ जाड आहे, हातभर. थांबायचं. तोंड अजून मिटलेलं आहे. इंजिनं थांबली, आजीची हाक येतेय, गॅरेजवाल्या म्हणून, ओरडू नकोस ना, त्याने मान तिकडे— नाही, इकडे, इकडे बघ— घोडा मागे आला. आला. ओठ वर होतोय. अजून नाही. अजून— आता जबडा