अष्टमीला बांध कोरडा होता

बाबा,

आज सकाळी मी आपल्या बांधावर गेलो होतो. गाडी घेऊन. तुम्ही गेल्यावर आईने खाडीकडचं शेत विकलं, आणि त्यानंतर तिकडे फिरकायचं मला काही कारणच उरलं नव्हतं. नायगावच्या नव्या टॉवरांच्या मागे कुठेतरी तो बांध असेल, एवढंच. आणि आता एका आठवड्यात मी तिथे दोनदा जाऊन आलो, आणि दुसऱ्यांदा गेलो ते माझं वाटोळं करून घेऊनच परतलो. हे कुणाला सांगावं कळत नाहीये. मित्रांना सांगितलं तर हसतील, आईला अर्धंच सांगता येतं. तुम्ही गेलात तेव्हा मी नववीत होतो, त्यामुळे पोरीबिरींचं काही तुमच्याशी बोलायची वेळच आली नाही. आज बोलतो.

आमचा बाइकवाल्यांचा एक ग्रुप आहे. सुट्टी मिळाली की आम्ही डांबर सोडून मातीत, चिखलात, दगडांत गाड्या घालतो. याला ऑफरोडिंग म्हणतात. तुम्ही हसाल, कारण खताची गोण मागे बांधून तुम्ही रोज हेच करायचात आणि त्याला काही म्हणत नव्हतात. यंदा कोजागिरीला कुठेतरी तंबू ठोकून राहायचं, चांदण्यात मसाला दूध आटवायचं असं ठरलं. अशा ट्रिपच्या आधी एकाने पुढे जाऊन वाट बघून यायची असते. त्याला रेकी म्हणतात. चढ कुठे आहे, गाडी कुठे रुतेल, तंबूला सपाट जागा आहे का, सगळं बघायचं. आणि आमच्यात एक नियम आहे. ज्याने रेकी केली तो सगळ्यांच्या पुढे, आणि जो पहिल्यांदाच येतोय तो त्याच्या मागच्या सीटवर, कारण वाट त्यालाच पाठ असते. यंदा पहिल्यांदा येणारं माणूस एकच आहे. ती.

ती बोळिंजला राहते. आम्ही एका वर्गात होतो. मी दुसऱ्या वर्षाला सरांशी भांडून आयकार्ड त्यांच्या टेबलावर फेकलं आणि निघून आलो. तिने कॉलेज पूर्ण केलं. मी आता तुळिंजला गाड्यांच्या पार्टच्या दुकानात काउंटरवर असतो, आणि ती दिवाळीनंतर नोकरीसाठी बंगळूरला चाललीय. तिच्या मनात माझ्याबद्दल काय आहे, मला खरंच माहीत नाही. कधी ती तासभर फोनवर बोलते आणि कधी दोन दोन दिवस उत्तर देत नाही, आणि त्या दोन दिवसांत गिऱ्हाइकाने ब्रेकची केबल मागितली तर मी क्लचची काढून देतो. एकदा म्हणाली होती, "मला कधीतरी तुझ्या गाडीवर लांब कुठेतरी ने." बास. तेवढ्यावर मी वर्ष काढलंय, बाबा. मला फक्त ती एक संध्याकाळ हवी होती. ती मागे बसलेली, पुढे कुणी नाही, आणि वाट माझी.

म्हणून रेकीसाठी मी हात वर केला आणि आपला बांध सांगितला. गावाच्या मागून बांधावर चढायचं, आपल्या आणि शेजारच्या काकांच्या शेताच्या कडेने सरळ जायचं, आणि शेवटी तो उंचवटा, जिथे तुम्ही लोक दुपारी भाकरी खायला बसायचात. दोन्ही बाजूंना खाडी. याच्याहून चांगली जागा तिला कोण दाखवणार? दुकान अष्टमीला बंद होतं, तर अष्टमीलाच गेलो, भर दुपारी. बांध वरून टणक होता. खाली चिखलाला भेगा पडल्या होत्या. गाडी अशी गेली की काय सांगू. तुम्ही मला टाकीवर बसवून याच बांधावर क्लच शिकवला होतात. "हात ढिला सोड, गाडी पलून नाय जात," म्हणायचात. तो हात अजून तसाच ढिला पडतो. मी व्हिडिओ काढला, ग्रुपवर टाकला, सगळ्यांनी उड्या मारल्या. तिने पण लिहिलं, "वेडी जागा आहे ही!"

दसऱ्याला आमच्या दुकानासमोर सगळ्यांनी गाड्यांची पूजा केली. हँडलला झेंडूचे हार, चाकाखाली लिंबू, सगळं साग्रसंगीत. ती पण आली होती. आमच्यात एक मोठ्या गाडीवाला आहे, त्याला सगळे कॅप्टन म्हणतात. पेढा खाता खाता तो सहज म्हणाला, "भाई, खाडी आहे ती. पाणीबिणी चढत नाही ना वर?"

"तू मला खाडी शिकवणार?" मी म्हणालो. "माझ्या बापाचा बांध आहे तो."

"अरे, चिडतोस काय? विचारलं फक्त. नसेल जमत तर वाडा तालुक्याच्या बाजूचं माळरान मी बघून ठेवलंय."

"तुझं माळरान तुझ्या घरी ठेव. आणि विचारू पण नकोस."

ती बाजूला उभी राहून हसली. म्हणाली, "बाप रे, मालक तापले!" सगळे हसले, आणि मला ते आवडलं. मालक. तुमचं नाव घेऊन मी भांडलो याचा मला त्या दिवशी अभिमान वाटला होता. आणि तुमचाच मुलगा असून जी गोष्ट माझ्या डोक्यात यायला हवी होती, ती आली नाही.

तुम्ही पहाटे उठून स्वयंपाकघराच्या दारात यायचात आणि चहा हातात घ्यायच्या आधी विचारायचात, "आज तिथी कोनती?" आई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे न बघता सांगायची. मग तुम्ही तिथीची पाऊणपट करायचात आणि भरती किती वाजता ते निघायचं, अष्टमीला सहा, पुनवेला सव्वाअकरा, दिवसा तशी रात्रीही. मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी असं विचारतात. अष्टमीच्या आसपास भरती आली तरी मेलेली असते, तिला तुम्ही भांग म्हणायचात. पुनवेला आणि अवसेला मात्र उधाण, आणि भादव्या-आश्विनातलं सगळ्यात वाईट. एकदा मी तुमच्याशी हुज्जत घातली होती. पाचवी-सहावीत असेन. पुनवेच्या दुपारी सायकल घेऊन बांधावर निघालो होतो आणि तुम्ही मागचं चाक धरून थांबवलंत. मी ओरडलो, "परवाच गेलो होतो, काही होत नाही!" माझे मित्र बघत होते. तुम्ही सगळ्यांसमोर माझा कान पिळलात. "परवाचं मला नको सांगू. आज पुनव हाय. पानी बग आधी." मी आठवडाभर तुमच्याशी बोललो नाही. त्याच दिवशी पाणी उतरल्यावर सगळी घरं बांधावर आली होती. प्रत्येक घराचा आपापला वाटा, जिथे पाण्याने कड खाल्ली असेल तिथे चिखलाचे गोळे थापायचे, पायाने दाबायचे. मी रुसून उंचवट्यावर बसलो होतो, आणि तुम्ही गुडघाभर चिखलातून माझ्याकडे बघत पण नव्हतात.

आणि आज त्रयोदशी. तंबू कुठे, चूल कुठे, तिला बसायला कुठली जागा, एवढंच नक्की करायचं होतं, म्हणून दुकानाच्या आधी गेलो. साडेनऊ झाले असतील. आपल्या शेतापर्यंत काही नव्हतं, मी गाणं म्हणत होतो. पुढे वळलो तर बांधच नाही. काकांच्या वाट्यातला बांध मधूनच गेलाय आणि तिथून खाडी आत शिरतेय. गढूळ, आवाज न करता, पण काय जोर होता! अष्टमीला मी तो खळगा बघितला होता. कोरडा होता, मी त्यातून गाडी उडवली होती, व्हिडिओत तोच भाग सगळ्यांना जास्त आवडला होता. आज तरी मला शहाणपण सुचावं की नाही? नाही. वाटलं, जाईल निघून. घातली गाडी. मधोमध पाणी सायलेन्सरच्या वर आलं आणि इंजिन बंद. हँडलवरचा दसऱ्याचा हार सुटून आपल्या जुन्या शेतात वाहत गेला. मी कमरेएवढ्या पाण्यात गाडी धरून उभा होतो आणि डोक्यात पहिल्यांदा पाऊणपट आली. ही तर त्रयोदशी. परवा पुनव. आम्ही जाणार संध्याकाळी, ओहोटीला, तेव्हा सगळं कोरडं दिसेल. आणि दूध आटेल तेव्हा, बाराच्या सुमाराला, उधाण. मागे वाट नाही, दोन्ही बाजूंना पाणी, उंचवटा केवढा तो. आणि त्यांच्यातल्या अर्ध्यांना पोहता येत नाही. तिलाही येत नाही.

आपला वाटा अजून उभा आहे, बाबा. तुम्ही थापलेला. शेत विकलं तेव्हापासून कुणी हात लावला नसेल, तरी उभा आहे. पण त्याच्या बाजूचा गेला, तर याचा उपयोग काय? मी त्याच्यावर बसलो आणि ढसाढसा रडलो. इतका की पाण्यावरचे बगळे उडाले.

गाडी ढकलत घरी आलो. आईने मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"कुठे लोळून आलास?"

"बांधावर."

"तेरशीला? या वेळेला?"

"परवा आम्ही तिथे राहायला जाणार होतो. तंबू लावून."

"पुनवेला? डोकं फिरलंय का तुझं? तंबूत मासे येतील."

मग तिने अंघोळीला गरम पाणी काढलं. मी दुकानात फोन करून सांगितलं, आज येत नाही. दुपारभर फोन हातात घेऊन बसलो. खूप डोकं चालवलं, बाबा. म्हटलं, दोन दिवसांत मीच चिखल थापतो. म्हटलं, थोडं अलीकडे, आपल्या शेताशीच तंबू लावतो. पण फुटलेल्या जागेतून आत शिरलेलं पाणी तिथे मागून येणार. म्हटलं, भरती उतरायची वाट बघू, सकाळी निघू, काही होणार नाही. काही होणार नाही, हे मी स्वतःला किती वेळा सांगितलं असेल! मग तिला फोन केला. ग्रुपच्या आधी तिला.

"बांध फुटलाय," मी म्हणालो. "परवा पाणी भरणार तिथे. माझंच चुकलं, मी भांगाला जाऊन बघून आलो."

"म्हणजे?"

सगळं समजावलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "बरं झालं वेळेत सांगितलंस. मग आता ते वाड्याचं माळरान का?"

"हो. त्याने बघून ठेवलंय."

"ओके. मग मी त्याला विचारते किती वाजता निघायचं ते. तू ठीक आहेस ना? गाडी चालू झाली?"

"होईल."

"काळजी घे हां," म्हणाली, आणि ठेवला फोन. मग ग्रुपवर टाकलं. मला वाटलं, कॅप्टन टोमणा मारेल, मग मी पण चार ऐकवेन, निदान भांडण तरी होईल. पण त्याने लिहिलं, "भाई, मानलं. जीव वाचवलास सगळ्यांचा." आणि खाली कुणीतरी, "तू मागून ये आरामात, दुधाची किटली तुझ्याकडे." नियम आहे, आणि नियम मोडायचं कुणाच्या मनातही आलं नाही. तिच्याही नाही. मी ठीक आहे असं लिहिलं. किटली आणतो म्हणालो.

हे पत्र कुठेच जाणार नाही, त्यामुळे एक गोष्ट लिहून टाकतो. पाण्यात उभा होतो तेव्हा तिच्या जिवाची काळजी वाटली, असं वर लिहिलंय त्यावरून वाटेल. वाटली, पण नंतर. आधी मनात आलं ते हे, की आता ती त्याच्या मागे बसणार. आणि तिला फोन केला तेव्हासुद्धा, अगदी शेवटपर्यंत, मी थांबलो होतो, ती म्हणेल म्हणून, "मग मी पण नाही येत."