यांच्या नावानं सोडलेली मासळी

४ नोव्हेंबर
एक जुनी सकाळ आठवली. मी अंगण झाडलं, तांब्याचे दोन गुंड भरून पाणी आणलं, चूल पेटवली. हे तलावावरून आले, टोपलीत एक मोठी मरळ. मी ती राखेत घोळून धरली, यांनी कापली. म्हणाले, डोकं तुयासाठी ठेव. काही विशेष दिवस नव्हता. हे जाऊन आता पाच वर्षं झाली. तेरवीला मी यांच्या नावानं मासळी सोडली, ती सोडलेलीच.
वजन कमी करायच्या ऑपरेशनला आज दीड वर्ष. एकशे बाराची बहात्तर किलो झाले. पोट वाटीएवढं उरलं. गोळ्या जन्मभर घ्यायच्या आहेत. मी वाचायला शिकले ते मासळी बांधायच्या पेपरांवरून, त्यामुळे डॉक्टरांची चिठ्ठी मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. आजपासून सगळं नियमानं.

९ नोव्हेंबर, सकाळी ७
लोह आणि कॅल्शियमच्या गोळीत दोन तासांचं अंतर ठेवा, असं चिठ्ठीत आहे. दोन्ही एकदमच घेतल्या, चहाबरोबर. पोटात गेल्यावर आपल्या आपण वेगळ्या होतील.

१५ नोव्हेंबर
नागपूरच्या डायटिशियन मॅडमना रोज ताटाचा फोटो पाठवायचा असतो. माझ्या ताटात भात आणि वरणाचं पाणी. मॅडमना वाईट वाटेल, म्हणून मुलाच्या, सुरेंद्रच्या ताटाचा फोटो पाठवला. त्यात रोहूचे दोन तुकडे होते. लगेच उत्तर आलं, व्हेरी गुड कुंताबाई.
फक्त आजच्यापुरतं.

२ डिसेंबर
अठरावा फोटो गेला. मॅडम म्हणतात, प्रोटीन छान चाललंय. ऐकून अंगात ताकद आल्यासारखं वाटलं. उपकेंद्रातल्या नर्स आशाबाईंचा निरोप होता, बी-ट्वेल्व्हचं इंजेक्शन दोन महिने चुकलं म्हणून. मॅडम खूश असताना सुई कशाला टोचून घ्यायची?

११ डिसेंबर
केस गळतात. बोअरच्या पाण्याचा दोष. तळपायांना मुंग्या येतात. चपलेचा दोष. चप्पल बदलली.

१९ डिसेंबर
मुंग्या थांबल्या. म्हणजे चप्पलच होती.
संध्याकाळी सून रिंकू म्हणाली, "आई, हे फरशीवर रक्त कायचं?" पाहिलं तर माझ्या टाचेत बाभळीचा काटा, अख्खा आत गेलेला. मी तिला समजावलं, घाबरू नको, मले लागलाच नाई. ती म्हणाली, "लागला नाई, तेच तं म्हणतो मी."
उद्याच सुरेंद्रनं मला रक्त तपासायला न्यायचं ठरवलं. काट्यासाठी एवढं.

२७ डिसेंबर
रिपोर्ट आला. बी-ट्वेल्व्ह फार खाली. मॅडमनी सुरेंद्रला फोन केला. म्हणाल्या, रोज मासळी खाऊन एवढं कमी कसं? आतड्यात शोषलंच जात नसेल, तर पुन्हा भरती करून आत नळी घालून पाहावं लागेल. पायाच्या नसा एकदा गेल्या तर परत येतीलच असं नाही.
सुरेंद्र म्हणाला, "कोणती मासळी, मॅडम? आई तं पाच वर्षांपासून शिवत नाई."
मॅडमनी त्याला सगळे फोटो पाठवले. त्यानं आपलं ताट ओळखलं. एका फोटोत त्याचा हातही होता.
रिंकू हसत सुटली. म्हणाली, "खाल्लं यायनं, अन् व्हेरी गुड तुमाले." मग माझ्या पायाकडे पाहून तिनं चप्पल उचलून माझ्यापुढे ठेवली.
सुरेंद्र हसला नाही. "बाबानं सांगतलं होतं काय तुले, मासळी सोड म्हणून?"
नव्हतं सांगितलं. हे काहीच सांगून गेले नाहीत. झोपेतच गेले. मला काहीतरी करायचं होतं यांच्यासाठी, आणि करण्यासारखं काही उरलं नव्हतं. म्हणून सोडली. सुरेंद्रला एवढंच म्हटलं, उद्या पाहू.

२८ डिसेंबर
आशाबाईंकडे जाऊन इंजेक्शन घेतलं. घरी येऊन रोहूचा एक तुकडा खाल्ला. मासळीसारखाच लागला. पाय तसेच आहेत.